दुसऱ्या पायरीवरची हिरवी खूण

तेराव्याच्या आदल्या दिवशी नणंदेनं आमच्या ह्यांचे बूट बाहेर काढले. आमच्यात तेराव्याला चप्पल, छत्री, तांब्या असं दान देतात. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर ते लागतं, अशी समजूत. वस्तू नव्या असाव्या लागतात. बाजारात कोणी जायचं यावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात ती आतल्या खोलीतून पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आली आणि ते उलटे करून माझ्यासमोर धरले.

"वहिनी, हे तर नवेच आहेत की. परत कशाला विकत आणायचे? हेच देऊन टाकू."

बूट नवे नव्हते. तीन वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी ह्यांच्या रक्तात साखर निघाल्याचं सांगितलं त्याच संध्याकाळी, मी बरोबर जाऊन ते घेतले होते. रोज संध्याकाळी भरभर चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून हे साडेपाचला बूट घालून निघत आणि आठच्या सुमाराला परत येत. कुठपर्यंत गेला होतात, असं विचारलं तर "छावणीच्या पुढं, पडेगावच्या रस्त्यानं," एवढंच उत्तर. पावसातही सहसा खंड पडला नाही. तीन वर्षं त्या खडीच्या रस्त्यावर चाललेल्या बुटांच्या तळव्यावरची नक्षी दुकानातून आणली तशीच होती.

मी नणंदेला "देऊ या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी बूट पायाला लावून पाहिले आणि पिशवीत ठेवले.

हे साखरेनंच गेले. आधी किडनी, मग हृदय. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले होते, चालणं नियमित असतं तर इतक्या लवकर ही वेळ आली नसती. मी त्यांच्याशी वाद घातला होता. एक दिवस चुकवला नाही ह्यांनी, असं ठणकावून सांगितलं होतं. आता त्या व्हरांड्यातलं माझं बोलणं आठवलं की तोंड कडू व्हायचं.

म्हणजे तीन वर्षं, रोज अडीच तास, हे कुठंतरी होते आणि ते मला सांगण्यासारखं नव्हतं. ज्यानं ह्यांचं चालणं खाल्लं त्यानंच ह्यांना नेलं, असं माझ्या मनानं घेतलं. ते काय होतं, किंवा कोण होतं, हे मला कळायला हवं होतं. पाहुणे गेले, मुलगी पुण्याला परतली, आणि मी घर धुंडाळायला लागले.

हे सरकारी खात्यात नकाशे काढायचे. निवृत्तीनंतरही गुण्यांची आणि पेन्सिलींची लाकडी पेटी टेबलाखाली होती. मी मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होते. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कागदांना हात लावायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. एवढ्या संसारात ती पेटी मी कधी उघडली नव्हती. उघडली तेव्हा तळाशी आलेखाच्या कागदाच्या तीन वह्या निघाल्या.

प्रत्येक पानावर एकच जागा काढलेली होती. चार गल्ल्या येऊन मिळतात असा एक छोटा चौक. मध्ये झाड, त्याभोवती पार, एका कोपऱ्यात नळ, एका बाजूला तीन पायऱ्या. उत्तरेचा बाण न चुकता काढलेला. चौकाचं नाव मात्र कुठंच नव्हतं. एका गल्लीच्या तोंडाशी फक्त "गुलमंडीकडे" असं लिहिलेलं. आणि चौकभर काळ्या पेन्सिलीचे ठिपके, शेजारी वेळा. ठिपके म्हणजे माणसं आणि आकडे म्हणजे ती आली-गेली ती वेळ, हे मला लगेच कळलं. नोंदी लावण्यातच माझा जन्म गेला होता.

काळे ठिपके पानागणिक बदलत होते. एक खूण बदलत नव्हती. दुसऱ्या पायरीवर, भिंतीच्या कडेला, हिरव्या पेन्सिलीनं केलेली. शेजारी "५.५० ते ६.३०". पान उलटलं, तीच खूण. तीनही वह्यांत, आठवड्यातला एक दिवस सोडला तर, तीच. एका पानावर बारीक अक्षरात, "हिरवी आज आली नाही. पाऊस." पुढं एका पानावर, "हिरवी. पाठ भिंतीला. डोळे मिटलेले." आणि एका ठिकाणी, "उन्हाळ्यात सगळे झाडाखाली. हिरवी तरी पायरीवरच. का?"

तो "का" मी कितीतरी वेळ बघत बसले. माझ्याविषयी ह्यांनी कधी असा का विचारला होता, ते आठवेना.

गुलमंडी मला ठाऊक होती. कापड घ्यायचं, भांडं घ्यायचं, रिक्षा धरायची आणि परत यायचं, एवढीच. तिच्या मागच्या गल्ल्यांत मी कधी शिरले नव्हते आणि बाजारात रेंगाळणं तर माझ्या स्वभावातच नव्हतं. त्याला कारण होतं. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन इथलं संस्थान भारतात आलं तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतरची एक-दोन वर्षं आमच्या घरात एक वाक्य रोज ऐकू यायचं, चौकात थांबायचं नाही. वडील कचेरीत कारकून होते. आधी ते संध्याकाळी एका दुकानाच्या ओट्यावर बसत. तिथं हिंदू-मुसलमान मिळून पाच-सहा जण असत, कोणीतरी उर्दू वर्तमानपत्र मोठ्यानं वाची. ॲक्शननंतर लोक एकमेकांविषयी आठवून आठवून सांगायला लागले. अमका कोणाशेजारी बसायचा, तमका काय ऐकून हसला होता. कोणाचं कोणाजवळ बसणं कुठं जाऊन सांगितलं जाईल, याचा नेम राहिला नाही. वडिलांचं बसणं सुटलं ते सुटलंच. पुढं सगळं निवळलं, ओटाही जागेवर होता, पण ते वर्तमानपत्राची घडी करून घरी आणत आणि दार लावून वाचत.

बसलेल्या माणसाविषयी दुसऱ्याजवळ काहीतरी शिल्लक राहतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. म्हणून मी चौकात उभी राहिले ती कामापुरती. बसायचं झालंच तर समोर पुस्तक हवं, म्हणजे का बसलीस असं कोणी विचारत नाही. आणि माझाच नवरा तीन वर्षं एका चौकात बसून बसणाऱ्यांविषयी लिहून ठेवत होता.

दिवाळीनंतरचे दिवस होते. मी पिशवी घेतली आणि निघाले.

पिशवीशिवाय जाता येत नव्हतं. पुरुष चौकात नुसता उभा राहू शकतो; खांबासारखा, कोणाच्या डोळ्यांत न येता. बाईला निमित्त लागतं. हातात पिशवी असली की ती काहीतरी घ्यायला आली आहे असं ठरतं, आणि पिशवी भरली की तिनं गेलं पाहिजे असंही ठरतं. त्यामुळं मी पिशवी भरू देत नव्हते. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मेथीची एक जुडी घेतली आणि ती निवडून घेतल्यासारखी उलटसुलट करत उभी राहिले. पंधरा मिनिटंसुद्धा निभावलं नाही. दुसऱ्या दिवशीही मेथीच. एकटीच्या घरात किती मेथी खाणार? शेजारणीला दोन जुड्या दिल्या तर ती म्हणाली, "वहिनी, दुःखात माणसाचं मन असं एकाच गोष्टीवर बसतं बघा." मी होय म्हणाले.

चौक वहीतल्यासारखाच निघाला, फक्त वहीत आवाज नव्हते. कडुनिंबाचं झाड, दगडी पार, नळावर घागरी. एका अंगाला चहाची टपरी, तिच्याजवळ स्टो दुरुस्त करणारा एक म्हातारा. समोर पश्चिमेला तोंड करून एक बंद दुकान, त्याच्या तीन पायऱ्या. गल्ल्या इतक्या अरुंद की ट्रक शिरत नव्हता, रिक्षासुद्धा बेतानं. आमच्या घराजवळचा क्रांती चौक कितीतरी मोठा, पण तिथून माणूस फक्त रस्ता ओलांडतो. इथं येणारा प्रत्येक जण थोडा हळू व्हायचा. मला ते संशयास्पद वाटायचं. काम नसताना माणसं हळू का होतात? आणि हळू झालेल्या माणसाकडून काय काय होतं?

वहीमुळं मला बसणारे दिसायला लागले. ह्यांनी पायरीची उंची लिहिली होती, पाराची लिहिली होती. पायरीवर लोक बसतात आणि पार उंच पडतो म्हणून म्हातारे त्याला नुसते टेकतात, असं शेजारी होतं. ते तसंच होतं. पायऱ्यांमागची भिंत दुपारभर उन्हात तापलेली असायची आणि संध्याकाळी बसणाऱ्याच्या पाठीला ऊब द्यायची. चहा दहा पावलांवर. समोर बघायला नळावरची भांडणं. आणि चार गल्ल्या, म्हणजे उठून जायला चार वाटा. हे मात्र ह्यांनी लिहिलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. जिथून कधीही निघून जाता येतं तिथंच माणूस निवांत थांबतो. घरातून निघायला एकच दार असतं आणि त्या दारात मी "कुठं?" विचारायला उभी असायची. हा विचार मी तिथल्या तिथं बाजूला सारला.

चौथ्या दिवशी चहावाल्यानं विचारलंच. चाळिशीचा माणूस, खांद्यावर टॉवेल.

"मावशी, कोनाची वाट पाहू राहिल्या का?"

"नाही. ऊन जरा उतरू दे म्हणून थांबले."

"ऊन तं कवाचंच गेलं."

स्टोवाला म्हातारा पिन मारता मारता हसला. "पूछ मत रे. ये बी लिखनेवाले होंगे."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "कोण लिहिणारे?"

"होते एक काका," चहावाला म्हणाला. "वही घेऊन रिक्षानं यायचे. रोज. तिथं पाराला टेकून बसायचे, पलीकडच्या अंगाला. कोन आलं, कोन गेलं, समदं लिवायचे."

"कायकू लिखते, किसकू देते, कुछ पता नै," म्हातारा म्हणाला. "मैं बोला, सीआयडी है."

"ह्याला समदेच सीआयडी दिसत्यात. आरं, सीआयडीचा मानूस दोन-दोन कप चहा पितो व्हय? फुल साखरेचा? वर आनखी एक चमचा टाक म्हनतो?" मग माझ्याकडं वळून, "मी म्हनलं मुन्सिपाल्टीचा आसंल. रस्ता रुंद करायच्या आधी कोन कुठं बसतं ते लिवून नेत्यात. मंग एक दिवस गाडी येती आन् समदं उचलून नेती. माझी टपरी पयली."

"महिनाभर तो पार के पास कोई बैठाच नै," म्हातारा म्हणाला. "वो कापी खोले, के लोगां उठे."

"लिवनारा मानूस समोर आसला की बसनाऱ्याची मजा गेली ना मावशी. मंग कुनी गाडी घेऊन आलं नाय, आन् काकाची बी सवय झाली. आता दोन महिने झाले दिसले नाय. बदली झाली आसंल."

"इस उमर में बदली? घर में बैठे होंगे आराम से."

ते दोघं हसले. ते काका माझे कोण, हे मी सांगितलं नाही. त्या क्षणी मी त्या चहावाल्याच्या किटलीकडं बघत होते. तीन वर्षं मी घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. ह्यांच्याबरोबर मीही फिका चहा प्यायले होते. आणि हा माणूस रोज संध्याकाळी, वर एक चमचा जास्त घालून... ह्याला काय माहीत असणार, हे मला समजत होतं. तरी त्याचं हसणं मला सोसवेना.

"तुमाला करू का एक कप?" त्यानं विचारलं.

"बिनसाखरेचा," मी म्हणाले.

"बिनसाखरेचा चहा प्यायला चौकात कशाला यायचं मावशी?" म्हणत त्यानं वेगळं भांडं चढवलं.

तेवढ्यात गुलमंडीच्या गल्लीतून ती आली. पस्तिशीची बाई, हातात डब्याची पिशवी. कोणाकडं न बघता दुसऱ्या पायरीवर जाऊन बसली, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. समोरच्या कापड दुकानातल्या घड्याळात पाच पन्नास झाले होते.

आठवडाभर मी तिला बघितलं. खरं सांगायचं तर तिच्यात काय आहे ते शोधत होते. दिसायला साधी. अंगावर कधी निळं लुगडं, कधी तपकिरी. कोणाशी बोलत नव्हती. चहावाला तिला न विचारता अर्धा कप नेऊन द्यायचा, ती घ्यायची. साडेसहाला उठायची आणि ज्या गल्लीनं आली तिनं न जाता दुसरीनं जायची. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. सरळ मनाचं माणूस आल्या वाटेनं का जाणार नाही? डोळे मिटून ती कोणाची वाट बघते आहे, आणि तो माणूस आता येत नाही हे तिला कोणी सांगितलेलं नाही, अशी माझी खात्री होत चालली.

एका संध्याकाळी मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पायरीवर, हातभर अंतर राखून बसले. भर चौकात बसण्याची ती माझी पहिलीच वेळ. दगड गार असेल असं वाटलं होतं. तो कोमट होता.

"रोज बसता इथं?" मी विचारलं.

"तुमी बी रोज उभ्या राहता की," ती डोळे न उघडता म्हणाली. "आज बसल्या, बरं झालं. पाय दुखत आसतील."

"कोणाची वाट बघता?"

आता तिनं डोळे उघडले. "कोनाचीच नाय. का वो? लिवून घ्यायचंय का?" मग माझा चेहरा नीट बघून, "त्या वहीवाल्या काकाच्या कोन तुमी?"

खोटं बोलता आलं असतं. "बायको," मी म्हणाले.

"काका आजारी हायेत का?"

"गेले. महिना झाला."

"अगं बाई," ती म्हणाली. पदर सावरून बसली. मी तिच्या डोळ्यांत पाणी येतं का ते बघत होते. आलं नाही. त्यानं मला बरंही वाटलं आणि तेही खोटं असेल असंही वाटलं.

तिनं आपणहून सांगितलं. ती एका दवाखान्यात आया होती. साडेपाचला सुटायची. घरी सात माणसं, आणि सासूला वाटायचं की साडेसहाला सुटते.

"ही चाळीस मिन्टं माझी हायेत. घरी ठावं नाय. दुकानाच्या मालकांची भावाभावांत केस चालू हाय, कुलूप कवापासून बंद. पायरीवरनं ऊठ म्हननारं कोनी नाय. वळखीचं मानूस दिसलं की दुसऱ्या गल्लीनं सटकते. ही जागा हाय म्हनून मी घरी जाऊन नीट बोलते तरी."

"आणि हे? ह्यांच्याशी बोलायचात?"

"एकडाव. मीच भांडले. म्हनलं, काका, बायामानसाकडं बघून रोज काय लिवता? लाज नाय वाटत? तर उठून आले आन् वही समोर धरली. म्हनले, बाकी बाया पानी भरंपर्यंत थांबत्यात, न्हाईतर उभ्या उभ्या बोलून जात्यात. तुमी बसता. का बसता ते मला कळंना. मी म्हनलं, तुमाला कळून काय करायचंय? तर म्हनले, माझी बायको कुठंच बसत नाय. तिला बसवावी अशी जागा बघतोय."

नळावर कोणाची तरी घागर वाजली.

"मग मला एकदाही का आणलं नाही?" मी म्हणाले. आवाज माझा मलाच शाळेतला वाटला.

"मी बी तेच इचारलं. म्हनले, तिला चल म्हनलं की ती कशाला म्हनती. कशालाचं उत्तर तयार झालं की आनतो."

साडेसहा झाले होते. ती उठली आणि पलीकडच्या गल्लीनं निघून गेली.

घरी येऊन मी दिवा लावला आणि विचार करत बसले. हे उत्तर इतकं चांगलं होतं की मला ते खरं वाटेना. एका परक्या बाईकडं बघून लिहिताना माणूस पकडला जातो. ती चार लोकांत त्याची लाज काढते. अशा वेळी आपल्या बायकोचं नाव पुढं करण्यासारखी दुसरी ढाल कोणती? दुसऱ्या बाजूनं, ह्यांनी दोनदा तरी मला विचारलं होतं. "येतेस का जरा?" बूट घालता घालता, माझ्याकडं न बघता. मी पुस्तकातून मान न काढता म्हणाले होते, "कशाला?" ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. आणि नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस एका शब्दाच्या प्रश्नाला तीन वह्यांचं उत्तर करत बसेल, हेही पटण्यासारखं होतं. तोंडी सांगून मी ऐकणारी नाही, हे त्यांना माहीत होतं. मोजून दाखवलं तर ऐकेन, असं वाटलं असेल. पण मग तो साखरेचा चहा? तो कोणत्या हिशोबात बसत होता?

मी वह्या पुन्हा काढल्या. "हिरवी. डोळे मिटलेले" ही नोंद पहिल्यांदा कुठं येते ते शोधलं. दुसऱ्या वहीच्या मध्यावर सापडली. त्याआधी कुठंच नाही, नंतर जवळजवळ रोज. म्हणजे त्या सुमाराला काहीतरी घडलं होतं. काय बोलणं झालं, ते वही सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, की भांडण झालं त्यानंतर ती डोळे मिटून बसायला लागली का?

"व्हय," ती म्हणाली. "मानूस वाईट न्हवता, येवढं कळलं. मंग उघडे ठिवून काय करायचे?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण मी सगळी हयात अर्धवट नोंदी पूर्ण करण्यात घालवलेली. तिसऱ्या दिवशी विचारलं, ते दिवस कोणते होते, पावसाळा की हिवाळा. ह्यांनी नेमका कोणता शब्द वापरला, बसवावी की बसावी. त्यानंतर ते कधी जवळ येऊन बसले का. तिच्या चहाचे पैसे त्यांनी कधी दिले का. ती उत्तरं देत होती, पण प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा लहान होत गेलं, आणि तिचे डोळे सगळा वेळ उघडे होते. दोनदा तिनं गल्ल्यांकडं बघितलं.

शेवटी तिनं डब्याची पिशवी उचलली. सहासुद्धा वाजले नव्हते.

"बाई," ती म्हणाली, रागानं नाही, "काका तीन वरीस नुसतं बघत व्हते, तरी मी बसत व्हते. तुमी तीन दिसात उठिवलं मला."

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी पाच पन्नासला त्या पायरीकडं बघायची आणि ती रिकामी असायची. पुढच्या आठवड्यात दोन कॉलेजच्या पोरी तिथं बसून हसत होत्या. मला त्यांचाही राग आला.

ह्यांचं मला आजही पुरतं कळलेलं नाही. बहुतेक दिवस मी त्या बाईचं बोलणं खरं मानते. काही दिवस नाही मानत. पण त्या चौकानं ह्यांना माझ्यापासून ओढून नेलं, असं मात्र आता म्हणवत नाही. माणसाला तिथं थांबावंसं का वाटतं, याचं उत्तर त्या तीन वह्यांत, पायऱ्यांच्या उंचीत आणि भिंतीच्या उबेत शोधून सापडलं नाही. ती उठून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिथं तिला कोणी काही विचारत नव्हतं. चहावाल्याला नाव माहीत नव्हतं, म्हाताऱ्याला घर माहीत नव्हतं. ते दोघं ह्यांना सीआयडी म्हणायचे, मुन्सिपाल्टीचा माणूस म्हणायचे, पण तोंडावर कधी विचारलं नव्हतं. आपसात संशय घेत होते आणि त्याच हातानं चहा देत होते. माझ्या घरात संशय नव्हता, फक्त प्रश्न होते.

पंधराएक दिवसांनी मी टपरीशी गेले. म्हातारा एका स्टोवर वाकला होता.

"ती बाई येत नाही हल्ली," मी म्हणाले.

"नाय येत," चहावाला म्हणाला.

"दवाखाना सुटला का तिचा?"

"दवाखाना हाय की. दुसरीकडं बसती आता."

"कुठं?"

त्यानं किटली खाली ठेवली. माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. "मावशी, मला ठावं आसतं तरी सांगितलं नसतं."

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही, पण त्याचा हात थांबला होता. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. चहावाला बरोबर होता. मी पाराशी गेले, तिथं जागा होती, टेकले. थोड्या वेळानं त्यानं चहा आणून ठेवला आणि काही न विचारता परत गेला. साखर घातली होती. मी तो प्यायले.